दत्ताबद्दल, सुमीला

साखळी, गोवा
श्रावणातला रविवार

प्रिय सुमे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि हे मला पुरं सांगायचं आहे. आम्ही सगळे बरे आहोत. आईची शुगर औषधावर ताब्यात आहे, ह्यांचा खांदा पावसात धरतो तेवढाच. झालं. आता दत्ता.

आपला दत्ता वर्गात जायला घाबरतो.

मी ऐकलं तेव्हा त्याला दोनदा विचारलं, काय म्हणालास म्हणून. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. डबा उघडलेला, उसळ तशीच. म्हणाला, "शालू, नववी ब च्या दाराशी आलो की छाती धडधडायला लागते. पाय आत पडत नाही. मग खिशातून फोन काढतो, कोणाशी तरी बोलल्यासारखं करतो, आणि जरा वेळाने जातो." सुमे, हा तोच माणूस, ज्याने जत्रेच्या नाटकात सिंहासनावरून प्रॉम्प्टरला "मोठ्यान सांग रे!" म्हणून दटावलं होतं, आणि लोकांनी तो राजाचाच हुकूम समजून टाळ्या वाजवल्या होत्या. इथे कोणाला सांगावं तर लोक म्हणतील, मास्तर दमला असेल, गणेशचवथीच्या सुट्टीत होईल ठीक. तुला वेगळं सांगायला नको.

त्याला विचारूनच लिहिते आहे हं. म्हणाला, "सुमीला सांग, पण तिला म्हणावं लगेच उपाय सुचवू नकोस."

आता हे ऐक. यंदा शाळेत पॉझिटिव्ह एज्युकेशन आलं आहे. मुलांचं मन खंबीर व्हावं, त्यांना आनंदाने शिकता यावं, यासाठीचा कार्यक्रम. आणि त्याचा शाळेतला प्रमुख दत्ता आहे. मुलं त्याच्याभोवती असतात म्हणून सगळ्यांनी त्याचंच नाव सुचवलं. त्यात मीही होते.

मी या गोष्टीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तू म्हणशील शालू पुन्हा व्यवस्थेशी भांडायला निघाली. प्रशिक्षणात बाईंनी पहिला प्रश्न विचारला: तुमच्या मुलांना आयुष्यात काय मिळावं, दोन शब्दांत सांगा. सुख, आरोग्य, आत्मविश्वास, चांगली माणसं. सगळ्यांची उत्तरं अशीच आली. मग विचारलं, शाळा काय शिकवते? अभ्यास, शिस्त, मार्क. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी होत्या आणि एकही शब्द जुळत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा प्रश्न मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा. आधी कित्येक वर्षं निराशेचा अभ्यास केलेला माणूस. 1967 मध्ये त्यानेच दाखवलं होतं की काही केलं तरी शॉक टळत नाही असा अनुभव आलेला कुत्रा पुढे सुटायची वाट समोर असूनही पडून राहतो. पुढे तो उलट बाजूने विचार करायला लागला, की माणूस फुलतो तो कशाने. त्याची पाच उत्तरं आहेत: बऱ्या भावना, कामात रंगून जाणं, नाती, जगण्याला अर्थ असणं, आणि काही साधल्याचं समाधान. यात मला काहीच खोटं दिसत नाही.

मग घरी येऊन वाचत बसले. ऑस्ट्रेलियात जिलाँग ग्रामर स्कूल म्हणून मोठी निवासी शाळा आहे, तिथे हे आधी उभं राहिलं. जानेवारी 2008 मध्ये सेलिगमन पंधरा प्रशिक्षकांना घेऊन तिथे गेला आणि शंभर शिक्षकांना नऊ दिवस शिकवलं. आणि सुमे, क्रम बघ. ही कौशल्यं आधी शिक्षकांनी स्वतःच्या आयुष्यात कशी वापरायची ते शिकवलं, मुलांना कशी शिकवायची ते नंतर. ते वाचल्यावर दत्ताचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आम्हाला एकच दिवस मिळाला, त्यात शेवटचा तास फॉर्म कसे भरायचे याचा. दत्ता, तुला झोप लागते का, असं त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

त्यात त्याच्याकडे काय काय आहे ते बघ. नववी ब चा वर्गशिक्षक, गणित आणि विज्ञान, मतदारयादीचं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याचं काम, नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून प्रकल्प आणि त्यांच्या नोंदी. एप्रिलमध्येच वर्ग सुरू होतात आता, सहावी ते दहावीचे. तो उकाडा, पंख्याखाली घामाघूम मुलं, आणि हा दोन वर्गांत पळतो. वर आता आनंदाचं रजिस्टर.

मुलं रोज तीन बऱ्या गोष्टी लिहितात. मूळचा प्रयोग 2005 मध्ये छापून आलेला आहे. त्यात माणसांनी आठवडाभर रोज रात्री, आपल्या आपण, त्या दिवशीच्या तीन बऱ्या गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या तेही लिहायचं, एवढंच होतं. सहा महिन्यांनीसुद्धा त्यांची उदासी कमी दिसली. आमच्याकडे तीच गोष्ट पाचव्या तासाला, वहीत, वर तारीख, खाली शिक्षकाची सही, आणि फोटो ग्रुपवर. मुलं हुशार असतात गो. काय लिहिलं की सही मिळते ते त्यांना दोन दिवसांत कळतं. "आज पाऊस पडला. आज पावभाजी होती. आज सर हसले." हे तिसरं वाक्य दत्ताला एकामागून एक वह्यांत सापडलं. मला म्हणाला, "शालू, आता मला रोज हसावंच लागणार." त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि मुलांना कळत नाही असं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी व्हरांड्यात माझ्याजवळ आली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "टीचर, सरांक कितें जालां?" मी सर्दी झाली म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं.

कॅनडात 2016 मध्ये एक अभ्यास झाला. चौथी ते सातवीच्या चारशेवर मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं; ताण आला की वाढतं ते. ज्या वर्गांचे शिक्षक जास्त थकलेले, पिचलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसोल जास्त निघालं. कोणामुळे कोण, हे त्यातून ठरत नाही. वर्ग अवघड असेल म्हणूनही शिक्षक पिचला असेल. पण दोघांचं दुखणं वेगळं काढता येत नाही एवढं त्यातून दिसतं. मी ते वाचलं आणि मला त्या मुलीचाच चेहरा आठवला.

आता घरचं उदाहरण. पर्वरीची 'संगात' तुला माहीत आहे, मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मंडळींनी 1996 मध्ये काढलेली. त्यांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत एक चाचणी घेतली, 'सेहेर' नावाची. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काही शाळांत बाहेरून एक प्रशिक्षित साधा माणूस नेमला. तो डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, परिपाठात बोलणं, एकेकट्याला ऐकून घेणं, हे सगळं काम त्याचं. दुसऱ्या काही शाळांत अगदी तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे दिलं. पहिल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांची उदासी कमी झाली, दांडगाई आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकाकडे दिलं होतं त्या शाळांत काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, पुस्तिका तीच. माझ्या मनात प्रश्न आला, त्या शिक्षकांची बाकीची कामं कोणी उचलली होती का? पंचवीस वर्षं शाळेत काढून मला उत्तर दिसतं.

विलायतेतही 2022 मध्ये मोठी चाचणी छापून आली, 'मिरियड' म्हणून. आठ हजारांहून जास्त मुलं, शिक्षकांनी वर्गात घेतलेले माइंडफुलनेसचे, म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर आणायच्या सरावाचे तास. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांचं काही जास्त भलं झालं नाही. बऱ्याच मुलांनी घरी ते केलंच नाही. पण शिकवणाऱ्या शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. म्हणजे ज्यांच्यासाठी मांडलं नव्हतं त्यांनाच उपयोग झाला. पुन्हा तोच क्रम, सुमे.

तू आता म्हणणार, "मी हेच सांगत होते, शाळेने गणित शिकवावं." फोंड्याच्या बसमधलं आपलं भांडण आठवतं ना? बीएडच्या प्रॅक्टिस टीचिंगला तो रडणारा पोरगा, मी त्याला पेरू देऊन बाहेर बसवलं, आणि त्याची चाचणी बुडाली म्हणून तू माझ्याशी म्हार्दोळपर्यंत बोलली नाहीस. मग शेंगदाण्याच्या पुडीवरून स्वतःच बोललीस, "दे गो थोडे." मी अजून ते मानत नाही. त्या पोराला त्या दिवशी पेरूच हवा होता. पण पॉझिटिव्ह एज्युकेशनवाले म्हणतात ते तुझ्याही बाजूचं आहे: अभ्यास आणि मन, दोन्ही, एकाच्या बदल्यात दुसरं नाही. दत्ताच्या तासाला त्रिकोण सुटला की पोरं जी ओरडतात, ती ओरड त्या पाच उत्तरांत बसते. ती वहीत लिहावी लागत नाही.

आणखी एक सांगते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चवथीसाठी शाळा सुटल्यावर मुलांची घुमट आरती, म्हणजे मातीच्या घुमट वाद्यावरची आरती, बसवायला दत्ताच थांबतो. तीच नववी ब. तीच पोरं. तिथे त्याची छाती धडधडत नाही! मी दारात उभी राहून पाहिलं. शामेळ, म्हणजे साथीचं तालवाद्य, वाजवणारा पोर ताल चुकला, दत्ताने डोळे मोठे केले, पोर हसला, पुन्हा धरला ताल. कोणी मोजत नव्हतं, सही नव्हती, फोटो नव्हता. उशीर झाला तर बालरथचा, म्हणजे शाळेच्या बसचा, ड्रायव्हरसुद्धा हॉर्न न मारता ऐकत उभा राहतो. एका घुमटाचं कातडं सैल पडलंय, ते बदलून आणायचंय.

शनिवारी व्यवस्थापनाची बैठक आहे, मी बोलणार आहे. कार्यक्रम बंद करा असं म्हणणार नाही. दत्ताकडून प्रमुखपद काढून घ्या, पण त्याला कमीपणा येईल अशा तऱ्हेने नको; घुमटाचं पथक त्याच्याकडे राहू दे आणि त्यासाठी वेळापत्रकात तास द्या. वह्या मुलांच्या, त्या कोणी तपासायच्या नाहीत. आमच्याकडे समुपदेशक येते ती गुणी पोर आहे, पण तिच्याकडे दुसऱ्या शाळाही आहेत आणि इथे तिला बसायला खोलीही नाही, लायब्ररीच्या कपाटाआड मुलं तिच्याशी कुजबुजतात. तिला खोली आणि ठरलेले दिवस मिळाले पाहिजेत. आणि शनिवारचा शेवटचा अर्धा तास शिक्षकांचा: विषयपत्रिका नाही, सूचना नाहीत, चहा आणि बोलणं. यातलं काय मान्य होईल सांगता येत नाही. हेडमास्तर माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांच्यावरही वरून फॉर्म येतातच. पण मी बोलणार. तू असतीस तर मुद्दे तू लिहिले असतेस आणि माझी विशेषणं कापली असतीस.

दत्ताला मी टेलीमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला, 14416. फुकट आहे, मराठी-कोंकणीत बोलता येतं म्हटलं. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन ये असंही म्हटलं. तर म्हणतो, "बांबोळीला मला कोणी पाहिलं तर? अर्धी डिचोली तिथे असते." मी म्हटलं, अर्धी डिचोली तिथे असते म्हणजे अर्ध्या डिचोलीला गरज आहे. हसला. त्याच्या बायकोला सगळं माहीत आहे, ती मला म्हणाली, "ताई, ते रात्री उठून बसतात." ती त्याच्याबरोबर जायला तयार आहे. तो अजून नाही.

तुझं सांग. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? चिन्मयीला पुण्यातच प्रवेश मिळाला की बाहेर जातेय? तू पुन्हा शिकवण्या घ्यायला लागलीस असं माईंकडून कळलं, मला का नाही सांगितलंस? पुढच्या पत्रात सविस्तर लिही, माझ्यासारखं.

आणि पत्र मिळालं की त्याला फोन कर. साडेनऊनंतर, जेवून गॅलरीत बसतो तेव्हा उचलतो. नाटकापासून सुरुवात कर, वर्गाचं तो स्वतः काढेल. बांबोळीचं मात्र तूच काढ, माझं तो आता ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तुझं ऐकतो, नेहमीच ऐकत आला आहे. बैठक शनिवारी साडेदहाला, त्याआधी तुमचं बोलणं झालं तर मला मेसेज टाक, म्हणजे कुठवर बोलायचं ते मला कळेल.

तुझी,
शालू