एका स्क्रूसाठी कानस हाती घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मामांची मासेमारीची रिळे तुमच्याकडून घरी आणून आज आठवडा झाला. त्या दिवशी निघताना मी जेमतेम ‘येतो’ एवढेच म्हणू शकलो, कारण घसा दाटून आला होता आणि तुमच्यासमोर डोळे पुसायचा संकोच वाटत होता. तेव्हा राहून गेलेले आज लिहितो आहे. ते चारचौघांसमोर लिहितो आहे, कारण तुमच्याकडे पोहोचण्याआधी मला जो अनुभव आला, तोही चारचौघांना कळायला हवा.

मामा गेल्यावर त्यांच्या कपाटातून एक लाकडी पेटी निघाली. तीत कापडात गुंडाळलेली, गळाच्या काठीला लावायची अकरा जुनी रिळे होती. कोणते काय आहे हे सांगणारी एकही चिठ्ठी नव्हती. मी एकामागून एक तिघा जाणकारांकडे गेलो. पहिल्याने पेटीवरून नुसता हात फिरवून सगळा माल नकली ठरवला आणि त्याच दमात तो स्वतः विकत घ्यायची तयारी दाखवली. दुसऱ्याने काळवंडलेली रिळे बफ मारून चकचकीत करून आणायला सांगितले, शिवाय मूठ हस्तिदंती आहे का हे पाहण्यासाठी तिला तापवलेली सुई टोचायचा सल्ला दिला. तिसऱ्याने हाताला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या पावणेचार इंची करड्या रिळाची तबकडी रोखून धरणाऱ्या इवल्याशा स्क्रूत घातला आणि जोर लावला. ड्रायव्हर निसटला, स्क्रूची खाच सोलली गेली आणि तबकडीवर नखभर ओरखडा उठला. ‘जुन्या वस्तूंचं असंच असतं,’ एवढे बोलून त्याने रीळ माझ्यापुढे सरकवले. मामांनी आयुष्यभर जपलेली वस्तू मीच तिथे घेऊन गेलो होतो, ही टोचणी त्यानंतर कितीतरी रात्री मला झोपू देत नव्हती.

तुम्ही तेच रीळ हातात घेतलेत, भिंगातून ती सोललेली खाच बराच वेळ पाहिलीत आणि कोणी केले हे एका शब्दानेही विचारले नाहीत. मग पेटीतले आठ-दहा स्क्रू ड्रायव्हर एकेक करून त्या खाचेशी लावून पाहिलेत. एकही नेमका बसेना. कुणाचे पाते जाड, तर कुणाचे अरुंद. मला वाटले, आता यातलाच त्यातल्या त्यात बरा घेऊन काम भागवाल. तुम्ही मात्र कानस काढलीत आणि एका ड्रायव्हरचे पाते घासायला बसलात. चार-पाच वेळा घासायचे, धातूचा कीस पुसायचा, बोटाच्या पेराने धार पाहायची आणि मगच ते पाते रिळाजवळ आणायचे, असे निदान अर्धा तास चालले होते. न राहवून मी म्हणालो, ‘काका, कशाला एवढा त्रास घेता? स्क्रू तसाही खराब झालाय.’ मान वर न करता तुम्ही म्हणालात, ‘खराब झालाय म्हणून तर.’

काका, तुम्ही पुढे जे जे सांगितलेत त्या सगळ्याबद्दल मी ऋणी आहेच. पण माझ्या मनावरचे ओझे उतरले ते त्या अर्ध्या तासात.

रीळ उघडण्याआधी तुम्ही खाली पांढरे कापड अंथरलेत, कारण अशा रिळांत बॉल बेअरिंगचे बारीक छर्रे असू शकतात आणि त्यातला एक जरी घरंगळला तरी पंचाईत. स्क्रू अलगद फिरला. तबकडी निघाली आणि तुमचा चेहरा उजळला. हे इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधल्या अ‍ॅनिक गावच्या हार्डी बंधूंचे ‘परफेक्ट’ नावाचे रीळ, हे तुम्ही आधीच ओळखले होते. त्या रचनेचे पेटंट १८८८ सालचे आणि रीळ बाजारात आले ते १८९१ साली, हेही तुम्ही सांगितलेत. खरी ओळख मात्र आत होती. दोरा सुटताना रिळाला कर्रकर्र आवाज देणारी आणि त्याला आवर घालणारी जी दात्याची आणि स्प्रिंगची जोडणी असते, ती हार्डींनी वेळोवेळी बदलली. मामांच्या रिळात संग्राहक ज्याला ‘१९१२चा चेक’ म्हणतात ती जोडणी निघाली. ती फार वर्षे वापरात राहिली नाही, म्हणूनच जाणकार तिच्या शोधात असतात. शेजारीच घडवणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे ठोकलेली होती, मासे धरणाऱ्याच्या नजरेला सहसा पडणार नाहीत अशा जागी. बाहेरचा करडा रंग कारखान्यातलाच आहे आणि बफ मारला असता तर तो कायमचा गेला असता, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर भिंगाखाली एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. या मुठीवर ती नव्हती. ती नकली हस्तिदंताची निघाली. असा पदार्थ पुष्कळदा सेल्युलॉइडचा असतो आणि सेल्युलॉइड तापल्या सुईने पेट घेऊ शकते, हेही तुमच्याकडूनच कळले.

बाकीच्या रिळांपैकी दोन मला विशेष आठवतात. एक स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलॉक यांचे, १८८४च्या पेटंटचे. गळ फेकताना ते अख्खे रीळ काठीला जोडलेल्या त्याच्या पायावर काटकोनात फिरवायचे, म्हणजे दोरा कडेवरून आपोआप सुटत जातो. दुसरे अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या ज्युलियस व्होम होफ यांचे, कडक रबर आणि जर्मन सिल्व्हरचे. त्यावर १८८५ आणि १८८९ अशी सालं पाहून मी हरखलो, तेव्हा तुम्ही समजावलेत की ती पेटंटची सालं आहेत. रीळ त्याआधीचे नाही एवढेच त्यांवरून ठरते, नंतरचे मात्र कितीही असू शकते.

आणि मला सर्वांत मौल्यवान वाटलेले ते झळझळीत पितळी रीळ अगदी सामान्य आहे, शिवाय घासघासून त्यावरच्या खुणाही गेल्या आहेत, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलेत. मला वाईट वाटेल म्हणून खोटे बोलला नाहीत. ‘परफेक्ट’ मला विकता का, असेही विचारले नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. कारण त्या घटकेला तुम्ही म्हणाल त्या भावाला मी ते देऊन टाकले असते आणि हे तुम्हाला दिसत होते. ज्ञान पुष्कळांकडे असते. समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा न घेणारे जाणकार मला चौथ्या दारी भेटले.

सोललेला स्क्रू बदलू का, असे मी विचारले होते. मूळचा आहे, राहू द्या, असे तुम्ही सांगितलेत, म्हणून तो तसाच ठेवला आहे. ओरखडाही आहे. लहानपणी मामांच्या खोलीतून संध्याकाळी ऐकू यायचा तो कर्रकर्र आवाज काल रात्री आईला ऐकवला. तिने रीळ कानाशी धरून तीनदा फिरवायला लावले.

मी निघताना तुम्ही माझ्या हातात ठेवलेला तो घासलेला स्क्रू ड्रायव्हर मामांच्या पेटीत, त्याच रिळाच्या कापडात गुंडाळून ठेवला आहे. सोबत चिठ्ठीही घातली आहे: ‘फक्त याच स्क्रूसाठी.’

आपला कृतज्ञ,
मामांचा भाचा