पुलाची टक्केवारी पुरे, भरावाचे थर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाह्यवळण रस्त्याच्या बातमीत ‘पुलाचे काम ८० टक्के पूर्ण’ हे वाक्य हमखास असते. वाचक मनाशी धरून चालतो, की आता दोन-चार महिन्यांत उसाच्या ट्रॉल्या आणि कंटेनर गावाबाहेरून जाऊ लागतील. वर्ष सरते, तरी ट्रक बसस्थानकासमोरूनच जात राहतात. यात बातमीदाराचा दोष नाही. त्याच्या हाती दिलेला आकडा बहुधा झालेल्या खर्चाचा असतो, आणि खर्चावरून रस्ता केव्हा सुरू होईल ते कळत नाही. पाइल (जमिनीत खोल नेलेले पायाचे खांब), पिअर (पूल पेलणारे मधले खांब), गर्डर (त्यांवरच्या तुळया) यांत पैसा जास्त जातो. ते उभे राहिले की टक्केवारी भराभर चढते. मागे राहतो तो दोन्ही बाजूंच्या जोडरस्त्यांचा भराव, म्हणजे रस्ता पुलाच्या उंचीला नेण्यासाठी माती-मुरूम दाबून केलेली भर. पैशात तो लहान, वेळ मात्र सर्वांत जास्त खातो. मराठवाड्याच्या काळ्या मातीत तर पुलाची प्रगती भरावावरच मोजायला हवी, असे रस्ते-पुलांच्या कामांवर देखरेख केलेल्या आम्हा अभियंत्यांचे ठाम मत आहे.

साधा हिशेब मांडतो. पुलाच्या तोंडाशी भराव ६ मीटर उंच आहे आणि ३०० मीटरांत उतरत तो जमिनीला मिळतो, असे धरा. माथ्याची रुंदी १२ मीटर, बाजूचे उतार एकास दोन, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा. एवढ्यासाठी एका बाजूलाच सुमारे १८,००० घनमीटर दाबलेला मुरूम लागतो. खाणीतून काढलेला मुरूम सैल असतो, म्हणून वाहून आणायचा माल २२,५०० घनमीटरांच्या घरात जातो. हायवात (मोठ्या टिपरमध्ये) १५ घनमीटर बसतो असे धरले तरी १,५०० खेपा, आणि दोन्ही बाजूंच्या मिळून ३,०००. हा मुरूम कोणत्या खाणीतून येणार, गौण खनिजाचा परवाना निघाला का, वाहतुकीच्या वाटेवरचा पाणंद रस्ता हायवांचे ओझे सोसेल का, हे प्रश्न पाइलचे मशीन नदीत उतरते त्याच आठवड्यात विचारले पाहिजेत. गर्डर चढल्यावर विचारून उपयोग नसतो.

माल आला म्हणजे भराव झाला असेही नाही. दाबलेला थर २०० मिमीच्या वर जाऊ द्यायचा नसतो. म्हणजे ६ मीटरला ३० थर. प्रत्येक थर पसरायचा, ग्रेडरने सारखा करायचा, टँकरने पाणी द्यायचे, रोलर फिरवायचा आणि तपासून मगच पुढचा टाकायचा. तपासणी सोपी आहे. दाबलेल्या थरात साधारण १५० मिमी खोल गोल खड्डा करतात, निघालेली माती कणभरही न सांडता तोलतात. मग मोजून घेतलेली कोरडी, एकसारखी वाळू सिलिंडरमधून त्या खड्ड्यात सोडतात. किती वाळू लागली त्यावरून खड्ड्याचे आकारमान कळते. मातीतला ओलावा वजा करून कोरडी घनता काढतात आणि प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेशी ताडतात. भरावासाठी ती ९५ टक्के, सबग्रेडसाठी, म्हणजे रस्त्याच्या खडी-डांबराखालच्या वरच्या ५०० मिमी भरावासाठी, ९७ टक्के यावी लागते. ओलावाही ठरलेल्या प्रमाणाच्या १ टक्का वर ते २ टक्के खाली यातच बसला पाहिजे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी मारलेले पाणी रोलर येईपर्यंत उडून जाते. पाणी संध्याकाळी मारून रात्री मुरू द्यावे आणि पहाटे दाबावे, म्हणजे घनता मिळते.

घाई झाली की सगळ्यात आधी याच तपासणीला फाटा मिळतो. अर्धा मीटर जाडीचा थर एकदम ओतला, वरून रोलर फिरवला, तर माथा टणक लागतो आणि खालचा भाग सैल राहतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत पाणी मुरले की भराव बसतो. पूल मात्र खडकावर उभा असतो, तो तसूभरही हलत नाही. मग पुलाच्या तोंडाशी पायरी पडते, दुचाकीस्वार आपटतात, प्रत्येक ट्रकचा दणका एक्सपान्शन जॉइंटला (पुलाच्या टोकाच्या सांध्याला) बसतो आणि जॉइंट उखडतो. लोक म्हणतात पूल खराब बांधला. खरे तर बिघडलेला असतो भराव.

अबटमेंटच्या, म्हणजे पुलाचे टोक पेलणाऱ्या, भिंतीलगतची जागा तर सर्वांत नाजूक. मोठा रोलर भिंतीला भिडवता येत नाही, त्यामुळे शेवटचा मीटरभर पट्टा न दाबताच राहून जातो. तिथे छोटा रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर लावून पातळ थर घ्यावे लागतात. भिंतीमागे ६०० मिमी जाडीचा दगड-खडीचा गाळणथर आणि भिंतीत मीटर-मीटरवर पाणी निघायला भोके हवीत. हा थर गाळला किंवा त्या जागी चिकण मुरूम भरला, तर पाणी मागेच साठते. पॅनेल लावून केलेली आरई वॉल (भरावात पट्ट्या गाडून धरलेली भिंत) असेल तर अशाने तिला पोट सुटते. पुलाच्या टोकाला किमान साडेतीन मीटर लांबीचा अॅप्रोच स्लॅब (पूल आणि रस्ता जोडणारी काँक्रीटची लादी) असतो, तो बसलेल्या भरावावरच टाकावा. एक पावसाळा भरावावरून जाऊ दिला तर उत्तमच.

आता काळ्या मातीविषयी. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा, तेरणा या नद्यांच्या काठी ती कित्येक ठिकाणी खोलवर आहे. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा रस्त्याच्या कडेने लांबच लांब उभ्या दिसतात. तिची परीक्षा कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे तिचे फुगणे. ते ५० टक्क्यांच्या वर गेले तर ती माती भरावाच्या कामाची नाही. सबग्रेडमध्ये आणि त्याखालच्या आणखी ५०० मिमीमध्ये तर फुगणारी माती चालतच नाही. नुसता मुरूम आणून वर अंथरणे पुरेसे नसते. खालची काळी माती ठरलेल्या खोलीपर्यंत काढावी, नाहीतर वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के चुना मिसळून ती सुधारावी आणि बाजूपट्ट्यांतून पाणी आत झिरपणार नाही असे पाहावे. जवळच्या शेतातून रात्रीत उचलून आणलेली माती कोणाच्या नजरेत येत नाही, पण दोन वर्षांनी कडेच्या भेगांतून ती बोलते.

पुलाच्या मुख्य भागाबद्दल दोनच गोष्टी. पाया बेसॉल्टमध्ये असला तरी खडकाच्या माथ्यावर नुसता टेकवून चालत नाही. उघड्या (पाइलशिवायच्या) पायासाठी कठीण खडकात किमान ०.६ मीटर आणि मऊ खडकात १.५ मीटर आत जावे लागते. दुसरी गोष्ट, गर्डरमधल्या केबल ताणल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या नळ्यांत सिमेंटचे ग्राउट (पातळ लगदा) भरले पाहिजे. ते राहिले तर आतल्या तारा गंजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पाण्याचे मात्र सविस्तर सांगावे लागेल. बाह्यवळणाचा भराव सखल शेतातून जातो आणि पावसाळ्यात तो बांधच होऊन बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा आणि गोदावरीला आलेले पूर आठवावेत. पुलाची लांबी पुरेशी असली तरी भरावाच्या टापूत शेताचे पाणी या बाजूकडून त्या बाजूला जायला मोऱ्या कमी पडल्या, की वरच्या बाजूचे सोयाबीन दिवसेंदिवस पाण्यात उभे राहते. पाइप घालायचेच तर किमान १२०० मिमी व्यासाचे घालावेत. लहान पाइप कडब्याने आणि गाळाने तुंबतात आणि आत शिरून साफ करता येत नाहीत. आखणी होत असताना शेतकऱ्याने ‘आमचे पाणी इथून वाहते’ असे सांगितले, तर त्याची नोंद घेऊन ती जागा पुराच्या दिवसांत पाहून यावी. हार्वेस्टर आणि भरलेली उसाची ट्रॉली भुयारी मार्गातून निघते का, हेही तेव्हाच तपासता येते.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला आमची विनंती आहे, की यापुढे बाह्यवळणाच्या कामाची बातमी देताना संबंधित कार्यालयाकडून टक्केवारीऐवजी पुढील तपशील मागावा: एकूण पिअरपैकी किती पूर्ण झाले, किती गर्डर चढले आणि त्यांपैकी कितींचे ग्राउटिंग झाले, प्रत्येक बाजूला भरावाचे ठरलेल्यांपैकी किती थर घनतेच्या चाचणीत उतरले, किती मीटर जमिनीचा ताबा अजून मिळालेला नाही आणि किती विजेचे खांब हलवायचे बाकी आहेत. एवढी माहिती साइटवरच्या नोंदवहीत असतेच. ती दर महिन्याला कामाच्या फलकावरही लिहिली, तर ग्रामपंचायतीला विचारपूस करायला आधार मिळेल.

मृग लागण्याआधीचे एक काम तर अजिबात चुकता कामा नये. नदीपात्रात यंत्रे उतरवण्यासाठी घातलेला मातीचा बांध, सिमेंटचे पाइप आणि पिअरभोवतीची भर मे महिन्याअखेरपर्यंत पूर्ण उपसून पात्र मोकळे करावे. वरच्या धरणातून पाणी सोडण्याच्या सूचना साइट इंजिनिअरच्या फोनवर थेट याव्यात, अशी व्यवस्था पाटबंधारे विभागाकडून लेखी करून घ्यावी. पात्रात राहिलेला अर्धवट बांध वरच्या अंगाच्या वस्तीत पाणी घुसवतो, आणि फुटला तर त्याची माती पुढच्या बंधाऱ्यात जाऊन बसते.

आपले,
रस्ते व पूल बांधकामातील निवृत्त अभियंते,
परभणी