हात सोडायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आभाराचा मेसेज पाठवला की तुमच्याकडून अंगठा येतो आणि विषय संपतो. समोर येऊन बोलावं तर "पुरे, सूर्यनमस्कार झाले का?" म्हणून मैदानाकडे बोट. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. दुसरंही कारण आहे. ट्रॅकवर बाइक चालवणारी आपल्याकडची बरीच मंडळी टायर, एक्झॉस्ट आणि लेदर सूटवर सहज लाखभर रुपये घालतात आणि अंगाच्या तयारीचा विषय निघाला की जिममध्ये जाऊन दंड फुगवून येतात. त्यांच्या कानावर तुमचं काम पडावं असं फार वाटतं.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बाई साताऱ्यात मुलामुलींना मल्लखांब शिकवतात. माझी लेक मुक्ता त्यांच्याकडे जाते. मी चाळिशी ओलांडलेला, पोट जरासं पुढे आलेला नोकरदार माणूस. जमेल तेव्हा माझी केटीएम आरसी ३९० बाइक पिकअपमध्ये बांधायची आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला न्यायची, हा माझा शौक. मद्रास इंटरनॅशनल सर्किट असं त्या ट्रॅकचं आताचं नाव. १९९० साली सुरू झालेला, ३.७ किलोमीटर लांबीचा, १२ वळणांचा. साताऱ्याला लागून जाणारा ४८ नंबरचा हायवे पुढे कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत त्याच ट्रॅकच्या जवळून चेन्नईत शिरतो, म्हणजे सातारकराला तिथं पोचायला रस्तासुद्धा बदलावा लागत नाही!

"बाइकवर कसली आलीये मेहनत, बसूनच तर असता," हे मला ऑफिसात, सासरी आणि दाढी करताना न्हाव्याकडेही ऐकावं लागतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "मुक्ताचे बाबा, दुखतं कुठे?" आणि मी उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत.

आमच्यात याला आर्म पंप म्हणतात. ब्रेक, थ्रॉटल, पुन्हा ब्रेक असं चालू असताना कोपराखालचे स्नायू रक्ताने फुगतात, पण त्यांच्याभोवतीचं आवरण काही तेवढं ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्ताचं येणं-जाणं अडतं, हात दगडासारखा होतो आणि बोटांना ब्रेकचा लिव्हर नीट कळेनासा होतो. दीडशेच्या वेगात लिव्हर न कळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. हे नवशिक्यांचंच दुखणं आहे असंही नाही. २०२१ साली मोटोजीपीच्या, म्हणजे जगातल्या सर्वांत वरच्या बाइक शर्यतमालिकेच्या, स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत फाबिओ क्वार्तारारो सगळ्यांच्या पुढे होता, उजवा हात असाच आखडला आणि तो १३ वा आला. नंतर काही दिवसांतच त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच मालिकेतल्या दानी पेद्रोसानेही २०१५ साली हातासाठी टेबलावर झोपणं पत्करलं होतं.

त्यांच्या पातळीवर शस्त्रक्रिया लागत असेल. आमच्यासारख्या हौशी लोकांच्या बाबतीत मात्र हात बहुतेक वेळा पायांची चाकरी करत असतो. हे तुम्ही ओळखलंत, तेही आयुष्यात अ‍ॅक्टिव्हाखेरीज काही न चालवता.

तो रविवार मी विसरणार नाही. तुम्ही बाइक व्यायामशाळेच्या आवारात आणायला लावलीत. मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर ती चढवली, मी वर बसलो, ट्रॅकवर बसतो तसा वाकलो. तुम्ही कोपऱ्यातल्या रद्दीतून एक पेपर उचललात, चार घड्या घातल्यात आणि माझी मांडी आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये सरकवलात. "धरा घट्ट." मी धरला. तुम्ही दोन बोटांनी ओढलात, पेपर अलगद बाहेर. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग मला हँडल सोडायला सांगितलंत. सोडलं, तर मी छातीने टाकीवर आपटलो. समोर खांबावर लटकलेली आठ-दहा पोरं खो-खो हसली, त्यात आमचं रत्नही होतं. तुम्ही हसला नाहीत. "मांडी झोपलीये, म्हणून हात जागा राहतोय. उद्यापासून सहाला या," म्हणालात. आणि दुसऱ्या दिवसापासून 'मुक्ताचे बाबा' आणि 'तुम्ही' दोन्ही गेलं, राहिलं ते नुसतं "अरे".

ट्रॅकवर न गेलेल्यांना हे पेपरचं प्रकरण कळावं म्हणून जरा खोलात जातो. सरळ पट्टा संपतो आणि तुम्ही कडक ब्रेक लावता तेव्हा बाइक थांबू बघते, पण तुमचं अंग नाही. त्या क्षणी अंगाला पुढे ढकलणारा जोर जवळपास स्वतःच्या वजनाइतका होऊ शकतो. पंचाहत्तर किलोचा माणूस असेल तर तेवढं ओझं कुणीतरी झेलायला हवं. मांड्यांनी टाकी आवळली असेल तर ते ओझं कंबर आणि पाय घेतात. नसेल तर ते दोन्ही मनगटांवर येतं, आणि त्याच मनगटांना ब्रेक अलगद सोडायचा असतो, बाइक वळवायची असते. ताठलेले हात हँडल धरून बसले की पुढचं चाक रस्त्याशी स्वतःचं स्वतः जुळवून घेऊ शकत नाही, बाइक डुगडुगते आणि ठरवलेल्या रेषेपेक्षा बाहेर जाते. मग रायडर आणखी घट्ट धरतो.

वळणात तर काम वाढतंच. अर्धं बूड सीटबाहेर काढायचं, आतला गुडघा उघडायचा, आणि सगळं शरीर टांगून ठेवायचं ते बाहेरच्या मांडीवर, टाकीच्या खाचेत रुतवून. वळण संपलं की पायांवर उठून दुसऱ्या बाजूला. हातांनी ओढून नाही, पायांनी. वीस मिनिटांच्या एका सेशनमध्ये अशी शंभरेक वळणं होतात आणि दिवसभरात अशी अनेक सेशन्स.

आता मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्यांच्या डोक्यात कुस्ती होती. त्या एरंडेल चोपडलेल्या सागवानी खांबाचा उपयोग दोनशे वर्षांनी सातारचा कुणी तरी केटीएमवाला करून घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. पण खांब आणि पेट्रोलची टाकी यांत फरक तो किती? दोन्ही गुळगुळीत, दोन्ही मांड्यांनी धरायच्या आणि हात सोडायचे.

हात सोड! हे दोन शब्द मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकले, त्याला हिशेब नाही. सुरुवातीला जमिनीपासून हातभर वर, खांबाला नुसती मांड्यांची मिठी. पाय हवेत, हात खांबावरून काढून कानाशी. मी तेलावरून सरकत खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मांड्यांची आतली बाजू इतकी सोलवटली की ऑफिसात मी पाय फाकवून चालायचो आणि लोक काळजीने मूळव्याधीचे डॉक्टर सुचवायचे. तुम्ही खोबरेल तेलात हळद कालवून दिलीत आणि वर "कातडी टिकली की अढी मिळेल" असं आमिषही दाखवलंत. उलटं होऊन अढी घालायला, म्हणजे खांबाभोवती पाय आवळून लटकायला, माझ्या वयाच्या माणसाला लगेच दिलं नाहीत, आधी खांदे आणि पाठ तयार करून घेतलीत, त्याबद्दल माझी बायको तुमची जास्त ऋणी आहे.

अढी घातल्यावर पाढे म्हणायला लावण्याची तुमची खोड मात्र मला आधी निव्वळ छळ वाटायची. उलटं लटकून सतराचा पाढा! कारण पुढे समजलं. माणूस जोर लावताना श्वास धरून ठेवतो, आणि बोलायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो. ट्रॅकवर वेगात वळण आलं की बहुतेक जण असाच श्वास कोंडतात, चार फेऱ्यांत दम लागतो आणि दोष वयाला देतात. आता मी हेल्मेटच्या आत पाढे म्हणतो. सतरा साते एकोणीसाशेपर्यंत आवाज शाबूत असला की समजायचं, सगळं ठीक चाललंय. (हो, एकशे एकोणीस. एकोणीसाशे म्हणायची आमच्या आजोबांची पद्धत. तुम्ही ओरडण्याआधीच खुलासा.)

बाकीचं तुम्ही करून घेतलंत ते तसं साधंच होतं. भिंतीला पाठ लावून हवेतली खुर्ची. एका पायावर भार टाकत डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या तिरक्या बैठका, बाइकवरची हालचाल नेमकी तीच. कमरेचे सांधे उघडायला बद्धकोनासन आणि मलासन, कारण खुबा उघडला नाही तर गुडघा काय उघडणार? मानेसाठी डोक्यामागे पंचा धरून ओढायचा आणि मानेने विरोध करायचा. दीड किलोचं हेल्मेट वाऱ्यात किती जड होतं ते वाकून वर बघणाऱ्यालाच कळतं. पैलवान घालतात तसा मानेचा पूल मी मागितला, तुम्ही साफ नाही म्हणालात. दमसासासाठी यवतेश्वरचा चढ, थोडा जोरात, थोडा सावकाश. ट्रॅकवर नाडी दीडशेच्या वर जाते आणि बराच वेळ तिथंच राहते, त्याला पर्याय नाही.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही आणि आजही ऐकत नाही. वजनं उचलणं तुम्हाला पटत नाही, ठाऊक आहे. पण आठवड्यातून दोनदा मी डेडलिफ्ट करतो, कारण दिवसभर वाकून बसणाऱ्या कमरेला नुसता खांब पुरत नाही असं माझं मत आहे. तुमचं उत्तर मला पाठ आहे, तेव्हा राहू द्या.

पाण्याचं मात्र शंभर टक्के तुमचंच. २०२३ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा उन्हामुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करावी लागली होती. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपल्यावर धड उभा राहू शकत नव्हता, अंगातलं पाणी संपलेलं. ती क्लिप मी तुम्हाला मोठ्या कौतुकाने दाखवायला आणली आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि तू किती पितोस?" मग वजनकाटा आला. सेशनच्या आधी वजन, नंतर वजन, मधे प्यायलेलं पाणी हिशेबात धरून. एक किलो उतरलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. शरीराच्या वजनाचे दोन टक्के गेले की दम आणि लक्ष दोन्ही ढासळू लागतात, म्हणजे माझ्या बाबतीत दीड किलो. चेन्नईच्या दमट हवेत, काळ्या लेदरमध्ये, हे दुपारपर्यंत सहज होतं. आता पिकअपमध्ये टूलबॉक्सशेजारी वजनकाटा असतो. बाटल्याही असतात, लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि वर लिंबू. शेजारच्या गॅरेजमधली पोरं रंगीबेरंगी डबे पितात आणि माझ्या बाटल्यांना हसतात. हसोत.

आणि परिणाम? गेल्या वेळी दिवसाचं शेवटचं सेशन मी पूर्ण केलं. पूर्वी ते मी हात झटकत ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये बसून काढायचो. लॅप टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, कमी झाला, पण तो आकडा तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुम्ही "म्हणजे खांबावर किती सेकंद?" असं विचाराल. सांगण्यासारखं एवढंच की बाहेर येऊन हातमोजे काढले तेव्हा बोटं मऊ होती आणि बाटलीचं झाकण मी स्वतःच उघडलं. मांड्या मात्र थरथरत होत्या. हवं होतं तेच.

फीचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. तिसऱ्यांदा आणत नाही. मोठ्या खांबाखालच्या गादीचं रेक्झिन एका बाजूने उसवलंय आणि आतला फोम मुलं बोटाने उपसतात, हे मी बघून ठेवलंय. माप घेऊन नवीन कव्हर पोवई नाक्यावर शिवायला टाकलंय. शनिवारी सकाळी मी आणि मुक्ता घेऊन येतो. चढवायला चार हात लागतील, तेव्हा मोठ्या मुलांना थांबायला सांगा, आणि कृपा करून पैशांचा विषय त्यांच्यासमोर काढू नका.

आपला,
मुक्ताचे बाबा
सातारा