दोन मिनिटांचं विमान आणि माझ्या वडिलांची चिता

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. शाळेत भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात माझे वडील गेले. थोरला भाऊ गुवाहाटीत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान चालवतो. पहाटे फोन गेला, मिळेल त्या विमानाने तो निघाला. हैदराबादेत उतरल्यावर कळलं, कोल्हापूरचं पुढचं विमान रद्द. तिथून गाडी करून रात्रभर रस्त्याने आला. वडिलांना बर्फावर ठेवून आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग भावकी म्हणाली, आता थांबू नका. थोरल्याचा मान असताना अग्नी मी दिला. दादा पोचला तेव्हा चिता विझत आली होती. तो घरी यायलाच तयार नव्हता.

दरवर्षी मी पोरांना स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांची गोष्ट सांगतो. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांत अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा पाठीशी असला तर विमान मिनिटभरातही उतरतं. जगातला हा सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास 1967 पासून चालू आहे. आठ जणांचं विमान, आणि पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत! शिक्षक त्यातून शाळेत जातात, आजारी माणूस दवाखान्यात जातो. तोटा सरकारी तिजोरी सोसते. कारण मधे समुद्र आहे, आणि समुद्रापलीकडचा माणूसही त्यांच्या हिशेबात आहे.

सांगली जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 28 लाख माणसं होती. आम्ही तुमच्या हिशेबात कुठे आहोत?

सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो. दर निवडणुकीला तिथे विमान उतरतं, मतमोजणी झाली की पुन्हा गवत. शेजारी कराडलाही धावपट्टी आहे, प्रवासी विमान नाही. 2017 मध्ये केंद्राची स्वस्त विमानप्रवासाची 'उडान' योजना आली. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार पडतील, असं सांगितलं. योजनेत ठरलं, कंपनीला तीन वर्षं पैसे मिळतील, पुढे तिला परवडलं तर मार्ग चालेल. रस्ता बांधताना कुणी विचारतं का, तीन वर्षांत परवडला नाही तर उखडायचा? एसटी तोट्यात म्हणून गावं बंद करता का? मग विमानालाच हा न्याय कुठला?

खानापूर, आटपाडी, तासगावची पोरं सोनं-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात गेली, कारण इथे पाणी नव्हतं. पाणी द्यायला सरकारने पिढ्या घालवल्या. आता त्यांना घरी यायची वाटही द्यायची नाही! मुंबईत बसून नकाशावर किलोमीटर मोजतात सगळे. माणूस तास मोजतो, साहेब. मढं घरात असलं की मिनिटं मोजतो.

कवलापूरचं काय ते एकदाच तारखेसह सांगा. आणि विमान रद्द केलं तर त्या प्रवाशाला त्याच दिवशी मुक्कामी पोचवायची जबाबदारी कंपनीवर टाका.

तेरावा झाला की दादा परत जाईल. आई सत्तरीच्या पुढे आहे. काल रात्री त्याने विचारलं, "आईच्या वेळी मी कसा येऊ?" त्याला काय सांगू, तेवढं लिहून कळवा.

आपला,
विट्याचा एक शिक्षक