सभासद क्रमांक ४१२ कडून, लायब्ररीच्या काकूंना

ति. काकूंना,
सा. न. वि. वि.

हा मायना लिहिताना हसू येतंय. शाळेत पत्रलेखनाच्या मार्कांसाठी पाठ केलेला, त्यानंतर आजच कामी आला. तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. "माझं कशाला मध्ये?" असं म्हणून तुम्ही वार्षिक सभेच्या फोटोतूनसुद्धा बाजूला व्हायचात. नदीकाठचं तालुक्याचं गाव, एसटी स्टँडच्या मागचं 'ब' वर्गाचं वाचनालय आणि देवघेवीच्या टेबलामागे तुम्ही, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आमचं सभासदत्व आईच्या नावावर होतं. एक पुस्तक, एक मासिक. मासिक आईचं ठरलेलं. पुस्तकाचा मात्र एक शनिवार दादाचा, एक माझा. त्यावरून आमच्यात किती मारामाऱ्या झाल्या ते तुम्हाला माहीत आहे, कारण त्यातल्या दोन-तीन तुमच्या टेबलासमोरच झाल्या. तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "रजिस्टर बघू का, कुणाची पाळी आहे ते?" आम्ही गप्प.

बालविभाग सातवीत संपला. म्हणजे पुस्तकं संपली नव्हती, मीच त्यातून उठले होते. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, आमच्या घरी त्याचे जुने अंक बांधून ठेवलेले होते, ते सगळे तोंडपाठ झालेले. पण बालविभागाचं लोखंडी कपाट ओलांडलं की समोर एकदम 'कादंबरी' असा बोर्ड. मधे काही नाही. इंग्रजीत या वयासाठी वेगळी दालनं असतात, हे मला पुण्याला आल्यावर मॉलमधल्या दुकानात कळलं. आपल्याकडे 'कुमार साहित्य' म्हणून जे असतं त्यातले कुमार बहुतेक वेळा चोर पकडतात नाहीतर देशासाठी काहीतरी करतात. वर्गातल्या कुणाकडे बघून पोटात गोळा आला, असं त्यांना होत नाही. वयात येण्याची आपली खरी पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात असतात, आणि ती पंधराव्या वर्षी हातात यायला मधे कुणीतरी माणूस लागतं.

तुमच्या टेबलाला खाली एक खण होता. परत आलेली, शिवायला टाकायची, पानं सुटलेली पुस्तकं त्यात असत, असं आपलं अधिकृत स्पष्टीकरण. मला त्यातून पहिलं मिळालं ते प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. आमच्या आजीचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे लंपनच्या तोंडची ती कानडी हेल घेतलेली मराठी वाचताना मला आजीच बोलतेय असं वाटायचं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. काही घडत नाही आणि सगळं घडत असतं. एखादी गोष्ट आवडली आणि का आवडली ते सांगता येत नाही, म्हणून तो अडखळतो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की सांगता न येणं हीसुद्धा लिहिण्यासारखी गोष्ट आहे. लंपनची चारही पुस्तकं मी ओळीनं नेली. पाळी दादाची असली तरी. तेव्हा तुम्ही रजिस्टर बघितलं नाहीत.

नववीतल्या दिवाळीच्या सुट्टीत 'शाळा'. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ ची, म्हणजे तेव्हा तशी नवीच. आणीबाणीतला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याची मित्रमंडळी, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. मुलीला आडनावानं हाक मारण्याची ती रीत आमच्या वर्गातही तशीच होती. मीही आडनावानंच ओळखली जायचे. आमच्या वर्गात ते पुस्तक मुलांनी वाचलं आणि आठवडाभर एकमेकांकडे बघून हसत राहिले. मी दोनदा वाचलं आणि चिडून परत आणलं. आठवतंय? मी म्हटलं, "काकू, ही शिरोडकर घरी गेल्यावर काय करते? तिला काय वाटतं? एक पान तरी द्यायचं तिला." तुम्ही शिक्का मारता मारता "हं" म्हणालात. तेवढंच.

आज सांगते, माझी ती चीड अर्धी बरोबर होती. मुकुंदला शिरोडकरच्या मनातलं कळत नाही, हीच तर त्याची नववी आहे. पण तुमचं ते "हं" मी विसरले नाही, कारण पुढच्या शनिवारी खणातून विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' निघालं. १९३३ चं. खरं सांगू, भाषा मला जड गेली आणि निम्म्या गोष्टी मी ढकलत वाचल्या. पण तुम्ही जाता जाता म्हणालात की हे टोपणनाव आहे, लिहिणारी कोण हे शोधायला तेव्हा लोक हात धुऊन मागे लागले होते. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं एवढंच लिहायचं, तर बाळूताई खरे यांना, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांना, नाव झाकावं लागलं. मी घरी येऊन माझ्या वहीवरचं नाव खोडलं आणि एक टोपणनाव घेतलं. ते काय होतं ते इथे सांगणार नाही.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चं काय झालं ते थोडक्यात. अकरावीत नेलं, आणि महिनाभर घरात त्याच्या नायकासारखं प्रत्येक वाक्यात "उदाहरणार्थ" घातलं. शेवटी बाबांनी त्या शब्दावर बंदी आणली. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी मात्र मी माडीवर जाऊन बसले होते. पंचविशीतल्या लेखकानं १९६३ साली हे लिहून टाकलं आणि आम्ही अजून त्याच्या मागे धावतोय, असं तुम्ही म्हणाला होता. नेमाड्यांबद्दल तुमचं मत फारसं चांगलं नव्हतं, तरी पुस्तक दिलंत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मे २०११. बारावीची परीक्षा संपलेली, निकाल बाकी. त्या शनिवारी तुम्ही मला एक पातळ पुस्तक दिलंत, जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाचं कव्हर घातलेलं, कोरी बाजू बाहेर. आतल्या बाजूला संकष्टी आणि दुधाचा हिशेब दिसत होता. सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू', २००६ चं. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर. वरच्या खोलीत पेइंग गेस्ट राहायला येतो, आणि घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. दोघांचे दोन भाग. तनय त्या निघून गेलेल्या माणसाशी "तू" म्हणून बोलत राहतो, अनुजा आपलं आपण लिहिते. त्या पाहुण्याला पुस्तकभर नाव नाही. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते आणि एकटी परत येते.

मी ते अनुजासाठी वाचलं. शिरोडकरला न मिळालेली पानं इथे एका मुलीला मिळाली होती, अर्धं पुस्तक तिचं होतं. परत आलेल्या मुलीला घर कसं सांभाळून घेतं आणि त्या सांभाळण्यातच कसं कोंडतं, ते मी आमच्या गल्लीत बघितलेलं होतं. तनयचा भाग मी वाचला, समजला, वाईटही वाटलं, पण ते लांबचं कुणीतरी होतं.

पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड मी तेव्हाच बघितलं होतं. त्यावर माझ्या आधी फक्त चार नंबर, आणि त्यातला एक ४१२. आमचाच. १९ एप्रिल २००८. मला वाटलं, आईनं नेलं असणार. माझी आई असली पुस्तकं वाचते! मला आईचा इतका अभिमान वाटला की मी तो तिला बोलूनही दाखवला नाही. सात वर्षं मी आईकडे वेगळ्या नजरेनं बघत होते आणि त्या बिचारीला पत्ताच नव्हता.

वाचनालयातल्या एका पदाधिकाऱ्यांनी त्या शनिवारी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन चाळलं होतं. "पोरींना असली पुस्तकं द्यायची का आता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वर्गणी मेपर्यंत भरलेली आहे. एक पुस्तक, एक मासिक. नियमात बसतंय." आणि शिक्का मारलात. मला वाटलं होतं तुम्ही साहित्यावर काहीतरी बोलाल. तुम्ही नियम पुढे केलात आणि विषय संपला. आज मी स्वतः एका कार्यालयात नोकरी करते. हे वाक्य मी किती वेळा, किती कामांसाठी वापरलं असेल याला हिशेब नाही.

जूनमध्ये पुण्याला आले तेव्हा ते पुस्तक ट्रंकेत आलं. चुकून, असं मी तेव्हा म्हणायचे.

६ सप्टेंबर २०१८, गुरुवार. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांपुरतं कलम ३७७ मोडीत काढलं, त्या संध्याकाळी दादाचा बंगळूरहून फोन आला. पाऊस, ट्रॅफिक, आईचं गुडघ्याचं दुखणं, सगळं झालं. मग तो म्हणाला, "तू 'कोबाल्ट ब्लू' वाचलंयस का गं?"

मी म्हटलं, "हो, बारावीनंतर."

"कुठून मिळालं तुला?"

"काकूंच्या खणातून."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसायलाच लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. मी फोन कानाला तसाच धरून कपाटातून पुस्तक काढलं. १९ एप्रिल २००८. दादाची बारावी तेव्हाच संपली होती. आई नव्हतीच ती.

काकू, एकाच घरातल्या दोघांना तुम्ही तेच पुस्तक तीन वर्षांच्या अंतरानं दिलंत. तुम्हाला दादाबद्दल काही कळलं होतं की नुसताच अंदाज होता, मला माहीत नाही. मला देताना तुमच्या मनात अनुजा होती की तनय, तेही माहीत नाही. पण "तुझ्या भावानंही नेलं होतं हे" असं तुम्ही म्हणाला नाहीत. गावात कोण काय खातं, कुठे जातं, कुणाशी बोलतं हे सगळ्यांना सगळं माहीत. कोण काय वाचतं हे फक्त तुमच्या रजिस्टरात होतं आणि तिथून ते कधी बाहेर आलं नाही. दादा म्हणतो, त्या एप्रिलमध्ये तो पुस्तक परत करायला आला तेव्हा त्याला टेबलापर्यंत यायची भीती वाटत होती. तुम्ही काही विचाराल, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजुतीनं बघाल. तुम्ही म्हणालात, "अकरा नंबरचं पान सुटलंय, तू सोडवलंस का?" तो नाही म्हणाला. तुम्ही डिंकाची बाटली काढून त्यालाच चिकटवायला बसवलंत. ते पान अजून घट्ट आहे, मी आत्ता बघितलं.

त्या पानाशेजारी बसून त्याला कळलं की आपल्यासारखा मुलगा मराठीत आहे. मराठीत, पुण्यातल्या घरात, वरण-भात खाणारा. हे वाक्य त्याचं आहे. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं, त्यानं माझे दोन परिच्छेद उडवले आणि हे एक वाक्य घालायला लावलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी वाचनालयात शिरलं आणि खालच्या फळ्या गेल्या, हे आईकडून कळलं. तुमचा खणही गेला असणार. तुम्ही निवृत्त झालात ते त्यानंतर. रजिस्टरं वाळत घातली होती म्हणे पटांगणात, पानं एकमेकांना चिकटलेली. आमची गुपितं त्यात विरघळली असतील तर उत्तमच. 'कोबाल्ट ब्लू'ची तुमची प्रत मात्र माझ्याकडे होती म्हणून वाचली. आता ती चुकून आणली होती की मुद्दाम, या मुद्द्यावर मी ठाम नाही.

उशिराचा दंड दिवसाला पंचवीस पैसे होता. हजाराच्या वर जातो, दादानं हिशेब केलाय, निम्मे तो देणार आहे. जुनी प्रत आम्ही देत नाही, तीही आता एक शनिवार त्याची, एक माझी अशी कुरिअरनं फिरते. बदली नवी प्रत, 'शाळा'च्या दोन आणि लंपनची चार पुस्तकं आईबरोबर पाठवली आहेत. तुमच्या जागी आता जी मुलगी बसते तिला तेवढं सांगाल का, की कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घाल, कोरी बाजू बाहेर.

गुडघ्याला तेल लावत जा. आईनं सांगितलंय.

आपली,
४१२ मधली धाकटी