दफनभूमीतील त्या कर्मचाऱ्याचे आभार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडहून हवाई प्रशिक्षणासाठी कॅनडात आलेले कित्येक तरुण शत्रूचे विमान दृष्टीस पडण्यापूर्वीच अपघातांत मृत्युमुखी पडले. १९३९च्या करारानुसार सुरू झालेल्या या हवाई प्रशिक्षण योजनेतून १ लाख ३० हजारांहून अधिक विमानकर्मी तयार झाले, हे अभिमानाने सांगितले जाते. या मुलांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, याची मला खंत वाटते.

माझ्या शेजारी राहणाऱ्या वयोवृद्ध इंग्रज बाईंचे थोरले बंधू त्यांपैकीच एक. त्यांच्या कबरीच्या दर्शनासाठी आम्ही कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतातील दफनभूमीत पोहोचलो, तेव्हा आम्हाला कळवलेला कबरीचा क्रमांक चुकीचा निघाला, दगड बर्फाखाली गेले होते आणि बाईंना थंडी सोसवेना. तेथील एका कर्मचाऱ्याने, कामाची वेळ संपलेली असतानाही, त्यांना आपल्या गाडीत ऊबेला बसवले, जुनी नोंदवही काढून कबर शोधली, फावड्याने वाट केली आणि दगडावरचा बर्फ मात्र, अक्षरांना ओरखडा उठू नये म्हणून, हातमोज्याने हळूहळू पुसला. बाईंना बसून भावाच्या नावावरून बोटे फिरवता यावीत यासाठी त्यांनी खुर्चीही आणून ठेवली. आपले नाव त्यांनी सांगितले नाही. त्यांचे, आणि परक्या मुलांच्या या कबरी इतकी वर्षे सांभाळणाऱ्या सर्वांचे, मी बाईंच्या वतीनेही मनःपूर्वक आभार मानतो.