गुन्हा नोंदवला, पण तक्रार कुणाची?

संपादक महोदय,

साथीच्या काळातल्या राज्य सरकारच्या अधिकारांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘राज्याने आणीबाणी जाहीर केल्यावर’ हे शब्द त्यात तीन वेळा आले आहेत. राज्याला आणीबाणी जाहीर करताच येत नाही. घटनेच्या अनुच्छेद 352, 356 आणि 360 खालच्या घोषणा राष्ट्रपतींच्या असतात आणि कोरोनासाठी त्यांतली एकही झाली नव्हती. राज्याने वापरला तो पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला 1897चा साथरोग कायदा. नेहमीचे कायदे अपुरे पडत आहेत असे राज्याचे मत झाले, की कलम 2 खाली तात्पुरते नियम काढता येतात.

पण पत्र लिहायला बसवले ते ‘आदेश मोडला की थेट शिक्षा’ या वाक्याने. अशा प्रकरणात शिक्षा तेव्हा दंड संहितेच्या कलम 188 खाली होती, आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या 223 खाली आहे. केवळ पोलिसांच्या दोषारोपपत्रावर न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. ज्याच्या सहीने आदेश निघाला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. आदेशावर सही जिल्हाधिकाऱ्यांची आणि फिर्याद हवालदाराची, की प्रकरण तिथेच पडते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 ने थोडी सोय केली आहे: संबंधित अधिकारी दुसऱ्याला तक्रारीसाठी प्राधिकृत करू शकतो. तेव्हा ‘आपापल्या तालुक्यात तहसीलदारांना तक्रार करण्यास प्राधिकृत करण्यात येत आहे’ ही एक ओळ आदेशातच घालावी. तक्रारीसोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि तो कधी, कसा प्रसिद्ध झाला याचा पुरावा हवा, कारण आरोपीला आदेश माहीत होता हे सिद्ध करावे लागते. आदेश मोडल्याने कोणता अडथळा किंवा धोका झाला, तेही लिहावे लागते. हे सगळे एका वर्षाच्या आत न्यायालयात पोचले नाही तर मुदत संपते. एवढे केल्याशिवाय नोंदवलेले हजार गुन्हे म्हणजे लोकांना नुसता हेलपाटा.

मुदतीवरून आठवले, लेखात याचा उल्लेखच नाही. दंडाधिकाऱ्याचा जमावबंदी आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. राज्य सरकार तो आणखी फार तर सहा महिने वाढवू शकते. साथरोग कायद्याखालच्या नियमांना अशी मर्यादा नाही, ते विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधनही नाही. शिवाय सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कलम 4 दावाही लावू देत नाही. इतका मोकळा हात असताना प्रत्येक आदेशावर संपण्याची तारीख छापलीच पाहिजे, आणि ती वाढवायची तर कारण लिहून वाढवली पाहिजे. या कायद्यातल्या उणिवा विधी आयोगानेही 2024च्या 286व्या अहवालात मांडल्या आहेत.

छायाचित्राखालची ओळही कृपया दुरुस्त करा. पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई म्हणजे जमावबंदी. आपण तिला संचारबंदी म्हटले आहे.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक